जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठ : एका इमारतीवरील अनेक हात

१

जुन्या गोव्यांत ‘मोंति सांतु’ म्हणजे पवित्र टेंकडी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यावर सांता मोनिकेचा मठ उभा आहे. ख्रिस्ती संन्यासिनींसाठीं बांधलेल्या या तीन मजली इमारतीविषयीं पोर्तुगीज व इंग्रजी भाषांत पुष्कळ लिहिलें गेलें असून अलीकडे मराठी व कोंकणींतही तिचा उल्लेख वारंवार येतो. हें सर्व लिखाण एकत्र ठेवून वाचलें असतां एक गोष्ट तेव्हांच ध्यानांत येते. मठाचें काम १६०६ सालीं सुरू झालें, १६२७ सालीं तें पुरें झालें, आशिया खंडांतील जुन्यांत जुन्या व मोठ्यांत मोठ्या स्त्रीमठांपैकीं हा एक होय, एवढें सांगून बहुतेक लेखक एकदम आजच्या वस्तुसंग्रहालयाच्या दारांत येऊन उभे राहतात. मधलीं साडेतीनशेंहून अधिक वर्षें एकदोन वाक्यांत उरकलीं जातात.

या मौनाचीं कारणें दोन दिसतात. एक वर्ग भाविक लेखकांचा. त्यांच्या दृष्टीनें मठ म्हणजे तपस्येचें स्थान. तेथें पुढें शिपाई राहिले ही गोष्ट त्यांस विटाळासारखी वाटते, म्हणून ते ती गाळतात. दुसरा वर्ग प्रवाशांसाठीं माहिती लिहिणारांचा. त्यांस ‘सर्वांत जुनें’ व ‘सर्वांत मोठें’ हीं दोन विशेषणें मिळालीं म्हणजे पुरे. दोघांच्याही लेखीं इमारत म्हणजे एकदां लिहून संपलेला ग्रंथ होय.

हस्तलिखितांचा ज्यांस सराव आहे त्यांस हें मत पटणार नाहीं. जुनी पोथी हातीं आली म्हणजे आपण काय पाहतों? मूळ लेखकाचा हात कोणता, समासांत मागाहून कोणीं लिहिलें, हरताळ कोठें फासली आहे, कोणतीं पानें निराळ्या कागदाचीं आहेत, शेवटीं मालकांचीं नांवें किती आहेत. समासांतील मजकूर मूळ संहितेचा नव्हे एवढ्यावरून तो कोणी टाकून देत नाहीं. पोथी कोणाच्या घरीं होती व कशासाठीं वाचली जात होती, हें बहुधा त्या समासावरूनच कळतें. सांता मोनिकेचा मठ ही अशीच अनेक हातांची पोथी आहे. तिच्यावर निदान पांच हात स्पष्ट ओळखतां येतात : संस्थापकांचा, १८३४ नंतर मागें उरलेल्या संन्यासिनींचा, लष्कराचा, १९६४ नंतरच्या विद्यालयाचा आणि शेवटीं वस्तुसंग्रहालयाचा. या प्रत्येक हाताचा, व त्याविषयीं जें लिहिलें गेलें किंवा लिहावयाचें राहिलें त्याचा, येथें क्रमानें विचार करावयाचा आहे.

२

मठाचा संस्थापक आर्चबिशप दों फ्रेय आलेइशु द मेनेझिस हा ऑगस्टिनपंथी साधु होता. १५९५ सालीं तो गोव्यास आला. १५९९ सालीं मलबारांतील उदयंपेरूर येथें भरलेल्या धर्मसभेचा तो अध्यक्ष होता. १६०७ ते १६०९ पर्यंत पोर्तुगीज हिंदुस्थानचा कारभारही त्याच्याच हातीं होता. धर्मसत्ता व राजसत्ता एका मनुष्याच्या हातीं असतां या इमारतीचें काम चाललें होतें, हें लक्षांत ठेवावयास हवें. त्यानें स्त्रियांसाठीं केवळ हा एक मठच काढला असें नाहीं. पोरक्या मुली, विधवा व निराधार स्त्रिया यांच्यासाठीं दोन आश्रयगृहेंही त्यानें उभारलीं. दूर देशीं वसलेल्या पोर्तुगीज समाजांतील स्त्रियांची व्यवस्था कशी लावावी, या प्रश्नास दिलेलें हें एकच उत्तर होतें. सांता मोनिका हा त्या उत्तराचा सर्वांत प्रतिष्ठित भाग.

इमारत हें उत्तर आपल्या रचनेंतच सांगते. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, मध्यें चौरस चौक, चौकाभोंवतीं कमानींच्या ओवऱ्या, आणि रस्त्याच्या बाजूस भिंतीला टेकू देणारे दगडी धिरे. घराचें तोंड रस्त्याकडे नसून आंतल्या चौकाकडे आहे. ज्या व्रतांत एकदां आंत आल्यावर मरेपर्यंत बाहेर पडावयाचें नाहीं, त्या व्रताला साजेशीच ही मांडणी आहे. किल्ल्याची भिंत बाहेरच्यास आंत येऊं देत नाहीं. या मठाची भिंत दोन्ही बाजूंनीं काम करी.

मात्र आंत गेलेल्या सर्व स्त्रिया सारख्या नव्हत्या. संन्यासिनींची संख्या शंभरपर्यंत मर्यादित केलेली होती. त्यांत काळें शिरोवस्त्र घेणाऱ्या व पांढरें शिरोवस्त्र घेणाऱ्या असे दोन वर्ग होते. पहिला वर्ग मुख्यतः पोर्तुगीज कुळांतील मुलींचा, आणि एतद्देशीय रक्ताच्या स्त्रियांस बहुधा दुसऱ्या वर्गांतच स्थान मिळे. त्यांच्या खालीं सेविका व गुलाम स्त्रिया होत्या. मठाची संख्या सांगतांना यांतील कोणास मोजलें व कोणास वगळलें, हा प्रश्न प्रत्येक लेखकास विचारला पाहिजे. आमच्याकडे ‘वाड्यांत इतकीं माणसें’ असें बखरकार लिहितो तेव्हां कुणबिणी त्यांत धरल्या आहेत कीं नाहींत असें आपण विचारतों, तसाच हा प्रश्न आहे.

दीक्षा घेणारी मुलगी मठांत हुंडा आणीत असे. हुंड्याबरोबर घरें व जमिनीही मठाकडे येत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत गोव्याच्या नगरसभेनें याविरुद्ध राजाकडे तक्रारी केल्या. तक्रारीचा आशय असा कीं, विवाहयोग्य मुली व त्यांची मालमत्ता दोन्ही भिंतीआड जातात आणि शहर दोन्हींकडून दरिद्री होतें. मठाचा कैवार घेणारांत फ्रेय दियोगु द सांत आन्ना हा साधु प्रमुख होता. हा वाद म्हणजे संशोधकास मोठें धन आहे. दोन पक्ष भांडूं लागले म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याचे जमाखर्च बाहेर काढतो. एरवीं जें कोणी लिहून ठेविलें नसतें तें लिहिलें जातें.

१६३६ सालीं मठाला आग लागली व पुढच्याच वर्षीं तो पुन्हां उभा करण्यांत आला. त्याच १६३६ सालीं मठांतील क्रूसावरील मूर्तीनें डोळे उघडले व तिच्या जखमांतून रक्त वाहिलें, अशी कथा प्रसिद्ध झाली. रडणाऱ्या क्रूसाचें देऊळ मठाला लागून आहे तें या कथेचें स्मारक. आग, चमत्कार व नगरसभेशीं चाललेला तंटा हीं तिन्हीं एकाच काळांतलीं आहेत. ज्यास मठाचा इतिहास लिहावयाचा आहे त्यास यांपैकीं एक घेऊन दुसरें सोडतां येत नाहीं.

या पहिल्या हाताविषयींचा प्रमुख ग्रंथ म्हणजे फ्रेय आगोस्तिन्यु द सांता मारिया यानें लिहिलेला व १६९९ सालीं लिस्बन येथें छापलेला मठाच्या स्थापनेचा इतिहास. पुढील लेखकांनीं बहुतेक सर्व माहिती प्रत्यक्ष वा परंपरेनें यांतूनच उचलली आहे. ग्रंथाला इतिहास असें नांव असलें तरी त्याचा पिंड संतचरित्राचा आहे. आमच्याकडे महिपतीच्या १७६२ सालच्या भक्तविजयाचा उपयोग आपण जसा करतों तसाच याचा केला पाहिजे. भक्तविजयांतील चमत्कारांवरून कोणी सनावळी ठरवीत नाहीं. पण त्या कथा सांगतांना बाजार, जातपात, अन्न, प्रवास यांविषयीं कवि जें सहज बोलून जातो तें आपण मोलाचें मानतों. पोर्तुगीज ग्रंथांतील संन्यासिनींच्या दृष्टान्तांविषयीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. त्या कोणत्या ओवरींत बसत, आजारी कोठें पडत, कामें कशीं वाटून घेत, हें त्यांतून वेंचावें. दुर्दैवानें बहुतेकांनीं याच्या उलट केलें आहे; चमत्कार घेतले आणि ओवऱ्या टाकल्या.

३

पुढील दीड शतकांत मठाभोंवतालचें शहर नाहींसें झालें. रोगराईमुळें व व्यापार खालावल्यामुळें गोवें ओस पडत गेलें. व्हाइसरॉय १६९५ सालीं पाणेलीस व १७५९ सालीं पणजीस राहावयास गेला. १८४३ सालीं पणजीलाच राजधानीचा दर्जा मिळाला. सरकार हाललें, व्यापारी हालले, पण ज्यांनीं न हालण्याचें व्रत घेतलें होतें त्या संन्यासिनी जागच्या जागीं राहिल्या.

नंतर ३० मे १८३४ चा पोर्तुगालमधील कायदा आला. त्यानें पुरुषांचे सर्व धर्मसंघ मोडले व त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. गोव्यांत याची अंमलबजावणी १८३५ सालीं झाली. स्त्रियांच्या मठांस निराळा नियम लावण्यांत आला. आहेत त्या संन्यासिनींनीं राहावें, मात्र नवी दीक्षा देऊं नये, आणि शेवटची संन्यासिनी निवर्तली म्हणजे मठ संपला असें समजावें. सांता मोनिकेंतील शेवटची संन्यासिनी १८८५ सालीं वारली. म्हणजे सुमारें पन्नास वर्षें ही प्रचंड इमारत दर मरणागणिक थोडी थोडी रिकामी होत गेली. शंभर जणींसाठीं बांधलेल्या घरांत शेवटीं बोटांवर मोजण्याइतक्या वृद्ध स्त्रिया उरल्या असतील. या अर्धशतकाचा इतिहास कोणीही नीट लिहिलेला नाहीं, आणि आमच्या मतें मठाच्या चरित्रांतील हाच सर्वांत बोलका भाग आहे.

त्याचें महत्त्व शेजारीं पाहिलें म्हणजे कळतें. त्याच टेंकडीवर, हांकेच्या अंतरावर, ऑगस्टिनपंथी साधूंचें चर्च व मठ होता. तोच दगड, तोच चुना, तोच पाऊस. १८३५ सालीं साधु गेले. १८४२ सालीं चर्चचें छत कोसळलें. १९३१ सालीं दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज सुमारें ४६ मीटर उंचीचा एक तुटका मनोरा तेवढा उभा आहे. सांता मोनिका मात्र छपरासकट शाबूत राहिली. या भेदाचें कारण शोधावयास स्थापत्यशास्त्रांत फार खोल जावें लागत नाहीं. कोंकणांत ज्याचें घर आहे त्यास ठाऊक आहे कीं, पावसाळ्यापूर्वीं दरवर्षीं शाकारणी केली नाहीं तर चारपांच वर्षांत वासे कुजतात. संन्यासिनींना राहावयास मुभा मिळाली, म्हणून तेथें गळतें छप्पर कोणाच्या तरी डोक्यावर होतें. गळतें तें ज्याच्या डोक्यावर गळतें तोच दुरुस्त करवितो. वसईची साक्ष हेंच सांगते. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतल्यावर तेथील पोर्तुगीज वस्ती उठली, आणि फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व जेझुइट साधूंच्या इमारती आज बिनछपराच्या भिंती होऊन उभ्या आहेत. वस्ती टिकली तर वास्तु टिकते. वास्तूवरील भक्ति वस्तीचें काम करूं शकत नाहीं.

या काळाचे तीन छापील साक्षीदार आहेत, आणि त्यांची साक्ष घेतांना तारखांकडे नीट पाहिलें पाहिजे. फ्रेंच पाद्री कोतिनो द क्लोगन हा १८२७ सालीं गोव्यास आला. त्याचें पुस्तक १८३१ सालीं मद्रासेंत छापलें. म्हणजे त्यानें पाहिलेला मठ कायद्यापूर्वींचा. जुझे निकोलाव द फोंसेका याचा गोवें शहराविषयींचा इंग्रजी ग्रंथ १८७८ सालीं मुंबईस निघाला. तेव्हां मठ शेवटच्या सात वर्षांत होता. असें असतां पुढील लेखक या दोघांचीं विधानें एकाच परिच्छेदांत, जणूं एकाच दिवशीं लिहिलेलीं असावींत तशीं, शेजारीं शेजारीं बसवितात. दोन निरनिराळ्या शतकांच्या प्रतींचे पाठ मिसळून तिसरीच संहिता तयार करणाऱ्या संपादकास आपण जो दोष देतों तोच येथें लागू आहे. फोंसेका हा काळजीपूर्वक लिहिणारा मनुष्य. दोष त्याचा नाहीं, त्याला न विचारतां उतरून घेणारांचा आहे.

तिसरा साक्षीदार रिचर्ड बर्टन. १८४७ सालीं तो प्रकृतीसाठीं रजा घेऊन गोव्यास आला आणि त्याचें प्रवासवर्णन १८५१ सालीं प्रसिद्ध झालें. एका इंग्रज अधिकाऱ्यानें सांता मोनिकेंतून एक देखणी संन्यासिनी पळवून नेण्याचा बेत केला व चुकून भलतीच वृद्ध स्त्री उचलून आणली, अशी एक गोष्ट त्यांत आहे. ती त्यानें एका सेवकाच्या तोंडीं घातली असून तो अधिकारी स्वतः बर्टनच, असें मानणारे वाचक पुष्कळ आहेत. गोष्ट रंगतदार आहे यांत शंका नाहीं. परंतु गोव्याविषयींच्या अनेक लेखांत ती मठाच्या इतिहासांतील घडलेली घटना म्हणून येते, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. १८३५ नंतर नवी दीक्षा बंद होती, ही एक गोष्ट ध्यानांत घेतली तरी तरुण संन्यासिनीच्या या कथेकडे सावधपणें पाहावें लागतें. बर्टनच्या काळीं मठांतील प्रत्येक स्त्रीनें निदान बारा वर्षें आंत काढलेलीं होतीं. ही गोष्ट असत्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जिचें नांव, दिवस व दुसरा साक्षीदार यांपैकीं कांहींच नाहीं ती इतिहासांत कथा म्हणूनच नोंदावी, इतकेंच आमचें म्हणणें.

हाच न्याय गोव्यांतील ‘बेबिंक’ या पक्वान्नाच्या दंतकथेलाही लावावा लागतो. सांता मोनिकेंतील बेबियाना नांवाच्या संन्यासिनीनें तें प्रथम केलें व तिच्यावरून त्यास नांव पडलें, असें सांगतात. त्याचे सात थर म्हणजे लिस्बन व गोवें येथील सात टेंकड्या, अशी पुस्तीही जोडतात. नांवावरून माणूस निर्माण करण्याची ही पद्धति यास्काच्या काळापासून आपल्या परिचयाची आहे. फिलिपाइन्स बेटांत ‘बिबिंग्का’ व मकावमध्यें ‘बेबिंका’ या नांवाचीं पक्वान्नें आहेत. तेव्हां हा शब्द एका मठाच्या भिंतीआड जन्मला असें मानणें कठीण आहे. तथापि दंतकथा टाकाऊ नव्हे. शेवटच्या संन्यासिनीनंतर शतकाहून अधिक काळ लोटला, तरी लोकांस तो मठ गोड पदार्थांनीं आठवतो. ज्या घराचें दार कोणास उघडत नसे, त्या घराची ओळख बाहेरच्या जगास हातांनीं केलेल्या जिनसांनींच व्हावयाची.

४

१८८५ नंतर मठ रिकामा झाला. पुढें पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीच्या वर्षांत, म्हणजे १९६१ पूर्वीं, त्यांत सैनिकांच्या बराकी होत्या. या कालखंडावर बहुतेक लेखकांनीं अक्षरशः हरताळ फासली आहे. ‘नंतर इमारतीचा उपयोग लष्कराकडे होता’ एवढें वाक्य लिहिलें कीं त्यांचें काम संपतें, आणि तेंही हळहळीच्या सुरांत.

हळहळ सोडून पाहिलें तर यांत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. धर्मसंघ मोडल्यावर खुद्द पोर्तुगालांतही हेंच घडलें. लिस्बनमधील सांव बेंतु हा बेनेदिक्तपंथी साधूंचा मठ पार्लमेंटचें सभागृह झाला. माफ्रा येथील राजवाड्यास जोडलेल्या मठांत पायदळाची शाळा आली. माद्रि द देउश हा १५०९ सालीं राणी लेओनोर हिनें स्थापिलेला लिस्बनमधील संन्यासिनींचा मठ आज चिनी मातीच्या रंगीत फरश्यांचें संग्रहालय आहे. म्हणजे सांता मोनिकेचें भाग्य एकट्या गोव्याचें नाहीं. सबंध पोर्तुगीज राज्यांतील एका सामान्य प्रवाहाची ती एक शाखा आहे.

शिवाय लष्करानें मठ पसंत करावा यांत नवल नाहीं. मोठीं दालनें, मोजकीं दारें, जाड भिंती, मध्यें मोकळा चौक, एका छपराखालीं पुष्कळ माणसें ठरलेल्या वेळेस उठवून, जेववून, निजविण्याची सोय : मठाला जें लागतें तेंच बराकीला लागतें. दोन्हीं ठिकाणीं घंटेवर दिवस चालतो आणि वडिलांच्या आज्ञेवांचून बाहेर जातां येत नाहीं. संन्यासिनींच्या व्रतासाठीं जी मांडणी केली तीच शिपायांच्या शिस्तीस सांपडली. या साम्यामुळेंच इमारतीचा आंतला सांगाडा फारसा मोडावा लागला नाहीं, असें अनुमान करण्यास जागा आहे. शिपायांनीं मठ विटाळला असें म्हणणारांनीं हेंही मान्य केलें पाहिजे कीं, शेजारच्या मनोऱ्यास विटाळणारा कोणी भेटला नाहीं आणि तो पडला.

याचा अर्थ लष्करी वस्तीनें कांहीं नुकसान केलें नसेल असा नव्हे. पण झालेलें नुकसानही इतिहासाचाच भाग आहे. कोणत्या दालनाला कोणता क्रमांक दिला, कोठें नवें दार पाडलें, कोणत्या चित्रावर चुना फिरविला, हें ज्यास सांगतां येईल तोच चुन्याखालीं काय असेल हेंही सांगूं शकेल.

५

१९६४ सालीं मठांत ‘मातेर देई’ ही संन्यासिनींच्या धर्मशिक्षणाची संस्था सुरू झाली. या गोष्टीचें वर्णन बहुधा ‘मठ पुन्हां मूळच्या उपयोगास लागला’ असें करतात. हें वर्णन अर्धेंच खरें आहे. स्त्रिया परत आल्या हें खरें. पण त्या शिकण्यासाठीं आल्या आणि शिकून बाहेर काम करावयास निघून गेल्या. १६२७ सालीं ज्या भिंतीचें कार्य बाहेर न जाऊं देणें हें होतें, तिच्या आंत आतां बाहेर जाण्याची तयारी होऊं लागली. दगड तोच, अर्थ उलट. व्याकरणांत एकच धातु निराळ्या उपसर्गानें निराळा अर्थ देतो तसें हें आहे. ‘पुन्हां मूळचें’ असें म्हटल्यानें उपसर्ग पुसला जातो.

त्यानंतर वस्तुसंग्रहालय आलें. ख्रिस्ती कलावस्तूंचें हें संग्रहालय १९९४ सालीं राशोल येथील सेमिनारींत उघडलें व २००२ सालीं सांता मोनिकेच्या चर्चमध्यें हलविण्यांत आलें. लिस्बनच्या कालूस्त गुलबेंकियन संस्थेचें साहाय्य त्यास लाभलें आहे. दुरुस्तीनंतर २०२२ सालीं तें पुन्हां खुलें झालें. चांदी, हस्तिदंत, लाकूड व वस्त्र यांवरील जें काम तेथें आहे त्यांत एतद्देशीय कारागिरांचा हात ठिकठिकाणीं दिसतो, आणि एवढ्यासाठीं तरी मराठी संशोधकांनीं तें पाहिलें पाहिजे. संग्रहाच्या मोलाविषयीं आमचा वाद नाहीं.

आमची शंका निराळी आहे. एका जुन्या इमारतींत दुसऱ्या ठिकाणच्या जुन्या वस्तु ठेविल्या म्हणजे इमारत त्या वस्तूंची पेटी होते. पाहणारा पेटी उघडतो, दागिना पाहतो; पेटीकडे पाहत नाहीं. चर्चमध्यें जी मूर्ति एके काळीं पूजेची होती तिच्या जागीं आतां पाहण्याची मूर्ति आली, म्हणजे त्या जागेचाही उपयोग बदलला. हा बदल मागच्या चार बदलांइतकाच मोठा आहे व त्याचीही नोंद व्हावयास पाहिजे. हस्तिदंती मूर्तीखालीं तिचें शतक लिहावें हें योग्यच. पण ज्या कमानीखालीं ती उभी आहे त्या कमानीनें १६३७, १८३५, १८८५, १९६१ व १९६४ हीं सालें पाहिलीं, हें सांगणारी पाटी तितकीच आवश्यक आहे.

६

हा केवळ लेखनाचा वाद असता तर त्यावर एवढा शब्दविस्तार करण्याचें कारण नव्हतें. परंतु इमारतीचा इतिहास जसा लिहिला जातो तशी तिची दुरुस्ती होते. याचें उदाहरण जवळच आहे. जुन्या गोव्यांतील बों जेझुस या चर्चवर पूर्वीं चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकांत बाल्ताझार द काश्त्रु या पोर्तुगीज वास्तुशास्त्रज्ञानें तो काढविला. उघडा दगड अधिक प्राचीन दिसतो, अशी त्यामागील समजूत होती. जांभा हा सच्छिद्र दगड. चुन्याचें कवच गेल्यावर पावसानें तो झिजूं लागला, आणि गिलावा पुन्हां करावा कीं नाहीं याचा वाद एकविसाव्या शतकापर्यंत चालत आला. लोकांस मात्र आतां तांबडी उघडी भिंतच मूळची वाटते. मागाहूनचा पाठ मूळ म्हणून रूढ होतो तो असा.

सांता मोनिकेंत आंतल्या भिंतींवर रंगीत चित्रें आहेत व त्यांवर चुन्याचे थर बसलेले आहेत. ते खरवडतांना कोणता हात मूळ धरावयाचा? १६२७ चा धरला तर आगीनंतरचें १६३७ चें काम समास ठरेल. संन्यासिनींचा धरला तर शिपायांच्या खुणा जातील. प्रत्येक वेळीं कांहींतरी जाणारच. जाण्यापूर्वीं त्याची नक्कल उतरून घेणें तेवढें आपल्या हातीं आहे. पोथी जीर्ण झाली तर आपण तिला नवीन कागद लावतों. परंतु त्यापूर्वीं पानन् पान उतरून घेतों आणि कोठें काय जोडलें हें लिहून ठेवतों. इमारतीला निराळा न्याय लावण्याचें कारण दिसत नाहीं.

यास्तव तीन गोष्टी सुचवितों. पहिली, मठाच्या प्रत्येक दालनाचें एक टांचण करावें व त्यांत त्या दालनाचा उपयोग कालानुक्रमानें नोंदावा. जेथें पुरावा नाहीं तेथें जागा कोरी सोडावी. दुसरी, सरकारजमा झालेल्या मठांचे कागद गोव्याच्या दफ्तरखान्यांत आहेत. पांडुरंग पिसुर्लेंकरांनीं त्या दफ्तराच्या आधारें मराठ्यांच्या राजकारणावर प्रकाश पाडला. आतां त्याच दफ्तरांतून मठांचे जमाखर्च, दुरुस्तीचे हिशेब व यादी वाचणारे पुढें यावेत. छपराच्या कौलांचा एक हिशेब दहा चमत्कारांहून अधिक सांगेल. तिसरी, ज्यांच्या घरीं गोव्याकडील जुनीं पत्रें, दानपत्रें वा व्यवहाराचे कागद आहेत त्यांनीं त्यांत या मठाचें नांव येतें काय हें पाहावें. मठाच्या जमिनी होत्या, म्हणजे कुळेंही होतीं. कुळांच्या घरीं पावत्या असूं शकतात.

१९८६ सालीं गोव्यांतील चर्चें व मठ यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. वारसा याचा अर्थ आपल्या परंपरेंत केवळ मिळालेली मिळकत असा नसून तीवरील ऋणांसह स्वीकारलेली मिळकत असा आहे. पवित्र टेंकडीवरील या घराचें ऋण म्हणजे त्यांत राहून गेलेल्या सर्वांचा हिशेब : काळ्या शिरोवस्त्राच्या, पांढऱ्या शिरोवस्त्राच्या, त्यांच्या दासी, १८८५ पर्यंत एकेक करून गेलेल्या वृद्धा, आणि ज्यांचीं नांवें कोणीं विचारलीं नाहींत ते शिपाई. मेनेझिसनें घर बांधलें हें सर्वांस ठाऊक आहे. तें राखलें कोणीं, हें यापुढें लिहिलें गेलें पाहिजे.